मालनची साक्ष

धारवाड
१८ जुलै १९८४

ती. आत्यास,
राहीचा नमस्कार.

सुखरूप पोचले. कोल्हापूर ते बेळगाव उभीच होते. बेळगावला टेकायला जागा मिळाली. मग तू दिलेला जवळ्याच्या चटणीचा डबा उघडला, तर शेजारच्या बाई उठून पुढे गेल्या. त्यामुळे धारवाडपर्यंत ऐसपैस आले.

वर्गात आम्ही वीस जण आहोत. अठरा मुलगे आणि दोन मुली. दुसरी हुबळीची आहे, तिचे वडील फौजदार. विषयाचं नाव गुन्हेगारीशास्त्र, पण पुस्तकांत गुन्हा कमी आणि माणसंच जास्त. पुरावा, शिक्षा, तुरुंग, आणि एक पेपर कारखान्यांच्या, बंदरांच्या सुरक्षेचा. तो शिकवायला एक निवृत्त पोलीस अधिकारी येतात. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या बंदरात शिरायला वाटा किती?" मी म्हटलं, "सर, समुद्राकडून सगळी वाटच आहे." सगळा वर्ग हसला.

हा विषय का घेतला, असंही सरांनी प्रत्येकाला विचारलं. मुलगे म्हणाले, पोलीस खात्याच्या परीक्षा द्यायच्यात. माझं कारण वेगळं होतं. आमच्या घरात कोणी कोर्टाचं नाव काढलं की बाबा उठून अंगणात जातात, त्याचं लहानपणापासून कुतूहल आहे, हे काय सांगायचं? मी "आवड आहे" म्हटलं आणि बसले.

आता एक काम. घरच्या तीन माणसांच्या दहाही बोटांचे ठसे आणायचा अभ्यास दिलाय. सोबत कागद आणि शाईची नळी पाठवते. काचेवर शाई पसरून बोट नखाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत हलकं फिरवायचं, दाबायचं नाही. तू, बाबा आणि शेजारची शकूमावशी (तीही घरचीच), तिघांचे पाठव.

तुझी,
राही

---

रत्नागिरी
२ ऑगस्ट १९८४

चि. राहीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

ठसे पाठवले आहेत, पण दोघींचेच. शकू टोपली ओट्यावर ठेवून बसली, हात पुढे केला आणि मागे घेतला. म्हणाली, "काय गो मालन, हे सरकारात जमा झाले आणि उद्या कोणी काय केलं, तर मला धरतील काय?" मी म्हटलं, "शकू, तू पापलेटाचा जो भाव सांगतेस, त्यासाठी धरायचं तर कधीच धरलं असतं." मग हसत हसत दिले. तिच्या बोटांना खवले चिकटलेले होते, ते कागदावरही आले असतील.

माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट नीट उमटत नाही. तीन वेळा केलं. इतकी वर्षं शाळेत शिवण शिकवलं, सुईनं रेषा खाऊन टाकल्या असाव्यात. आमच्या शाळेतल्या नन, सिस्टर बर्था, बोटावर अंगुस्तानाची टोपी घालायला सांगायच्या, मी कधी ऐकलं नाही. चाळीस वर्षांनी त्यांचं म्हणणं पटतंय.

तुझ्या बाबांनी मात्र ऐकलं नाही. जेवायला बसले होते, म्हणून मी सहज विषय काढला. "मी काय चोर आहे?" म्हणाले, आणि भात तसाच टाकून बंदरावर गेले. तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या लग्नाची काळजी आहे, दुसरं काही नाही. चोरांचं शास्त्र शिकलेली मुलगी कोण करणार, असं त्यांना वाटतं. दोन लाँचींचा मालक झाला तरी बाप तो बापच.

तू दोन वर्षांची असताना तुझी आई गेली, तेव्हापासून या घरात आपण तिघं. आता रोज तिसरं ताट घ्यायला हात जातो.

तुझी आत्या,
मालन

---

धारवाड
९ सप्टेंबर १९८४

ती. आत्यास,
नमस्कार.

तुझं ते रेषा नसलेलं बोट भिंगाखाली सगळ्या वर्गानं पाहिलं. सर म्हणाले, "हे शिंप्याचं बोट. हाताचा धंदा बोटावर राहतो." मला उगीच अभिमान वाटला.

काल एक गंमत झाली. तास चालू असताना एक माणूस धावत आत आला, सरांच्या टेबलावरची छत्री उचलली आणि पळाला. मुलगे मागे धावले. सर शांत. म्हणाले, "बसा आणि पाहिलंत ते लिहा." अकरा जणांनी लाल शर्ट लिहिला. चौघांनी त्याच्या हातात काठी पाहिली. मी लिहिलं, टक्कल होतं. मग त्या माणसाला पुन्हा आत बोलावलं. तो विभागातलाच शिपाई, शर्ट पिवळा, डोक्यावर भरपूर केस, आणि काठी नव्हतीच.

सर म्हणाले, "तुमच्यातलं कोणीही खोटं बोललेलं नाही. डोळ्यांनी अर्धं पाहिलं, उरलेलं मनानं भरून काढलं. साक्षीदाराला हा जोड स्वतःला दिसत नाही. तो शपथेवर दोन्ही सांगतो."

मला रात्रभर त्या शिपायाचं टक्कलच आठवत होतं. जे नव्हतंच ते!

राही

---

रत्नागिरी
२० सप्टेंबर १९८४

चि. राहीस आशीर्वाद.

तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. छत्रीचा भाग गाळला. का गाळला ते मलाही सांगता येणार नाही.

एक विचारते. साक्षीदारानं देवाची शपथ घेतली, त्याला दिसलं तेच सांगितलं, आणि तरी भलताच माणूस तुरुंगात गेला, असं कधी होतं का? झालं तर तुमच्या पुस्तकात त्या साक्षीदाराला काय म्हणतात?

उत्तर वेगळ्या कागदावर लिही. म्हणजे वाचून दाखवताना तो बाजूला ठेवता येईल.

आत्या

---

धारवाड
१ ऑक्टोबर १९८४

(हा कागद तुझ्या एकटीसाठी.)

आत्या, होतं. पुष्कळदा होतं. अशा साक्षीदाराला पुस्तकात वेगळं नाव नाही. साक्षीदारच म्हणतात.

पण तू हे का विचारतेस? तू कधी कोर्टात गेली होतीस का? कोणासाठी? बाबा अंगणात उठून जातात ते याचसाठी का?

मला सांग. मी विद्यार्थिनी म्हणून विचारत नाहीये.

राही

---

रत्नागिरी
१४ ऑक्टोबर १९८४

चि. राही,

अठ्ठावीस वर्षं होत आली. हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. त्या वेळी सगळ्या बंदराला माहीत होतं, म्हणून सांगायची वेळच आली नाही. आता माहीत असलेले बरेचसे गेले.

माझ्या वडिलांचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, मंगळूरची कौलं आणणारा मचवा होता. त्यावर केरू नावाचा मुलगा होता. पंचावन्न साली मचवा वादळात बुडाला, वडील गेले, केरू पोहून वाचला. पुढच्या वर्षी त्यानं आणि तुझ्या बाबांनी एकाच सुताराकडून, एकाच मापाच्या दोन होड्या बांधून घेतल्या. शेजारी शेजारी लावत. जुळ्या दिसायच्या.

केरू फार बोलत नसे. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, इंग्रजी वाचणारी, आणि तो सही करताना जीभ बाहेर काढायचा. पण मी काही वाचून सांगितलं की दुसऱ्या दिवशी त्याबद्दलच प्रश्न विचारायचा. रात्रभर त्याचाच विचार केलेला असायचा. इतकं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलं नाही, ना आधी ना नंतर. एकदा त्याचं शीड फाटलं. तो ते माझ्याकडे घेऊन आला. सिस्टरांनी मला दिलेलं पडद्याचं निळं कापड होतं, त्याचं ठिगळ मी लावलं. तो म्हणाला, "आता लांबून पण कळेल तुला." त्या बोलण्याचा अर्थ आम्हा दोघांनाही कळला होता.

सत्तावन्नच्या फेब्रुवारीत मी आणि शकू टेकडीवर लाकडं आणायला गेलो होतो. दुपार कलली होती. खालच्या घळीपाशी, खडकांच्या मागे, मला ते निळं ठिगळ दिसलं. दक्षिणेकडून आलं आणि घळीत उतरलं. दुसऱ्या दिवशी त्या घळीत कस्टमच्या लोकांना गोव्याकडून आलेल्या परदेशी घड्याळांची पेटी सापडली. गोवा तेव्हा पोर्तुगीजांचा होता.

साहेब आमच्या आळीत आला. मराठी येत नव्हती. सगळे गप्प. मीच पुढे झाले. मला इंग्रजी येतं याचा केवढा गर्व होता, राही! त्यानं विचारलं, काल घळीत होडी पाहिलीस का? मी म्हटलं, हो, केरूची. कशावरून? मी म्हटलं, शिडाला मीच ठिगळ लावलंय. अगदी हसून सांगितलं. पेटीबिटी मला काहीच माहीत नव्हतं. आणि मी इंग्रजीत बोलले, त्यामुळे आजूबाजूच्या एकालाही कळलं नाही, मला थांबवायला.

कोर्टात तेच पुन्हा सांगितलं. सिस्टरांनी शिकवलेलं, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं. केरूला विचारलं, शीड तुझं? तो म्हणाला, "माझं." त्या दिवशी कुठे होतास? त्यावर तो काहीच बोलला नाही. दोन वर्षं सक्तमजुरी झाली.

सुटल्यावर तो परत आला नाही. तुझे बाबा म्हणाले, त्याचं नाव या घरात नको. मला वाटलं, घराण्याच्या अब्रूसाठी. मी लग्न का केलं नाही असं लोक विचारतात. तसं काही ठरवलं नव्हतं. वाट पाहता पाहता वय झालं.

त्यानं ते केलं होतं का, आणि मी सांगितलं म्हणून तो माझ्यावर रागावून गेला का, एवढंच मला मरायच्या आधी कळायला हवं आहे.

मालन

---

धारवाड
२० ऑक्टोबर १९८४

आत्या,

पत्र चार वेळा वाचलं. रडले, मग वही काढली. तुला राग येईल, पण एकच प्रश्न विचारते आणि तू सिस्टरांनी शिकवलंय तसं तेवढ्याचंच उत्तर दे.

टेकडीवरून तुला होडी दिसली होती की शीड?

राही

---

रत्नागिरी
२७ ऑक्टोबर १९८४

शीड.

होडी खडकांच्या मागे होती. माणूस तर दिसलाच नाही.

पण राही, आपल्याकडे वेगळं कोण करतं? शीड दिसलं की आपण म्हणतो, तो बघ केरू आला. अजून क्षितिजावर असतो तरी म्हणतो. बायका चूल पेटवायला जातात तेवढ्यावर. मीही तसंच म्हटलं, आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

हा प्रश्न तेव्हा कोणीच का विचारला नाही?

---

धारवाड
१६ फेब्रुवारी १९८५

ती. आत्यास,
नमस्कार.

इतके दिवस मुद्दामच काही लिहिलं नाही. मी प्रबंधाला विषय घेतला आहे: शिक्षा भोगून सुटलेली किनाऱ्यावरची माणसं पुढे कुठे जातात. सर म्हणाले, कोणी केलेला नाही, कर. त्यांना खरं कारण सांगितलं नाही.

सरांचं पत्र घेऊन केरूकाका ज्या तुरुंगात होते तिथे गेले. जुन्या सुटकेच्या नोंदवह्या एका खोलीत दोरीनं बांधून ठेवल्या आहेत. कैद्याला सोडताना त्याला गावी जायचा पास देतात आणि गावाचं नाव वहीत लिहितात. दोन दिवस पानं उलटली. सगळे आपापल्या गावी गेलेत, चिपळूण, देवगड, मालवण. आणि एकोणसाठ सालच्या एका ओळीत: केरू, राहणार रत्नागिरी, पास कारवारचा.

आत्या, कारवार धारवाडहून बसनं पाच-सहा तासांवर आहे. मी जाऊ?

राही

---

रत्नागिरी
१ मार्च १९८५

चि. राही,

जा.

आठ दिवस हा एकच शब्द लिहून ठेवला होता. काल पाकिटात घालताना पुन्हा बाहेर काढला. तो असेल का? असला तर त्याच्या घरी बायको असेल, नातवंडं असतील, मग माझं नाव काढू नकोस. प्रबंधाचं सांग. मी विचारलं असं तर मुळीच सांगू नकोस.

मी लिहिते आहे तेव्हा तुझे बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेत. गडी असताना स्वतः करतात. त्यांना विचारलं, तुम्ही दोघं मित्र होतात, तुला कधी आठवण येत नाही का त्याची? कोणाची, असं न विचारताच म्हणाले, "मला कामं आहेत." माणूस किती कठोर होऊ शकतो.

त्याला विचारायचं ते तुला ठाऊक आहे. आणि विचारता आलं तर हेही विचार, पाय दुखतात का. मचव्याच्या वेळी डाव्या पायाला लागलं होतं.

आत्या

---

धारवाड
२८ एप्रिल १९८५

ती. आत्यास,
नमस्कार.

भेटले. आहेत. लग्न केलेलं नाही.

नदीच्या तोंडाशी होड्या बांधणारे सुतार बसतात. तिथे विचारलं, रत्नागिरीचे कोणी? "तो काय, रत्नागिरीकर." सगळे याच नावानं हाक मारतात. पांढरे केस, डोळ्यांना जाड चष्मा. डावा पाय लांब करूनच बसतात. मी प्रबंधाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाय, तू बोलताना हात मालनसारखे करतेस. तू खंडूची पोर काय?" झालं, माझा प्रबंध तिथेच संपला.

आत्या, त्यांनी ते केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांची होडी खाडीत वर ओढलेली होती, ते एकटेच फळ्यांच्या फटींत कापूस आणि राळ भरत होते. शीड मोकळं होतं म्हणून उसनं दिलं होतं. मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, असं म्हणाले. कोणाला दिलं ते आता नीट आठवत नाही, जयगडची कुठलीशी होडी होती म्हणे.

तुझ्यावर राग नाही. कधीच नव्हता. माझ्या वहीत त्यांचे शब्द आहेत, "मालननं बघितलं ते सांगितलं. तिच्याकडून दुसरं काय होणार?"

चहा पाजला. तू अजून पुस्तकं वाचतेस का, हे दोनदा विचारलं.

राही

---

धारवाड
२८ एप्रिल १९८५

ती. बाबांस,
नमस्कार.

तुम्हाला स्वतःला वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. आत्याकडून वाचून घेऊ नका.

मी केरूकाकांना भेटले. शीड कोणाला दिलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं, माझ्या बाबांना का? ते रंधा मारत राहिले. मी पुन्हा विचारलं. रंधा थांबला नाही, पण लाकूड केव्हाच गुळगुळीत झालं होतं.

मग मी म्हटलं, सुटल्यावर घरी का नाही आलात? तेव्हा बोलले. "आलो असतो तर मालननं विचारलं असतं, शीड कोणाकडे होतं? तिच्यापुढं मला खोटं बोलता येत नाय. खरं सांगितलं असतं तर तिच्या घरात पुरुष उरला नसता. म्हातारी आई, तुझी आई, मालन, तिघी बायका. बाप आधीच बुडालेला. म्हणून म्हटलं, लांबच बरं."

बाबा, मी वर्षभर शिकतेय की आरोपीचं आधी ऐकून घ्यावं. म्हणून तुम्हाला काहीच म्हणत नाही. आत्याला मी जयगडच्या होडीची थाप मारली आहे. ही माझी पहिली आणि शेवटची. मी मेअखेर सुट्टीत घरी येईन. त्याआधी तुम्ही तिला सांगा. तुमच्या तोंडून.

तुमची,
राही

---

रत्नागिरी
१७ मे १९८५

चि. राहीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं मला आलेलं पत्र आणि बाबांना आलेलं, दोन्ही एकाच दिवशी आली. त्यांच्या पाकिटाला मी हात लावला नाही. ते घेऊन माडाखाली बसले आणि एक-एक अक्षर लावत तासभर वाचलं.

मला माझंच पुरे होतं. राही, तू बंदरावर वाढलीस, पण शिवण कधी शिकली नाहीस, म्हणून फसलीस. शीड डोलकाठीच्या मापानं बेततात. जयगडच्या होड्या मोठ्या, त्यांना ते शीड कमरेपर्यंतही आलं नसतं. त्या मापाची दुसरी एकच डोलकाठी बंदरात होती. मी ते शीड हातात घेऊन शिवलं होतं, मला अठ्ठावीस वर्षं हे सुचू नये! तुझे बाबा त्या दिवशी जयगडला सासुरवाडीला गेलेत असं ते स्वतः म्हणाले होते. भावाच्या शब्दापुढे मी दुसरा विचारच केला नाही. कदाचित करायचाच नव्हता.

पंधरा दिवस आम्ही दोघं गप्प होतो. ते काय लपवतात ते मला ठाऊक आणि मला ठाऊक आहे हे त्यांना नाही. काल मी ताटांत आंबापोळी पसरत होते. ते उन्हात येऊन समोर उकिडवे बसले.

"मालन."

"काय?"

"त्या दिवशी मी जयगडास नव्हतो."

"माहीत आहे."

"पोरीनं लिहिलं?"

"नाही. तिनं तुझ्यासाठी खोटं लिहिलं."

मग म्हणाले, "माझं शीड फाटलेलं. मी मागितलं, त्यानं दिलं. कशाला हवं ते पण विचारलं नाय. एकच फेरी केली मी, देवाशपथ, पुन्हा कधी नाय."

"मी साक्ष देऊन आले तेव्हा तू ओटीवर बसला होतास, दादा. मला पाणी दिलंस."

"उद्या जाऊन सांगतो, उद्या सांगतो, असं म्हणत होतो. दोन वर्षं उद्याच करत राहिलो. मग तो सुटला म्हणून कळलं. म्हटलं येईल, मला चार लोकांत मारील, आणि संपेल एकदाचं. आलाच नाय."

आणि रडले गं. वडील गेले तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तुझं पत्र त्यांनी माझ्यापुढे ठेवलं. रंध्याचा भाग मी वाचला, आणि त्याच्या पुढचाही. "तिच्यापुढं मला खोटं बोलता येत नाय." उन्हात उभी राहून वाचलं. ताटांवर माश्या बसल्या तरी भान नव्हतं.

मला वाटत होतं, तो रागावून गेला. इतकी वर्षं मी रोज मनात त्याची क्षमा मागत होते. आणि तो मला खोटं सांगावं लागू नये म्हणून परगावात म्हातारा झाला.

बाबांना क्षमा केली का, असं तू विचारशील. मला माहीत नाही. रात्री भात वाढला. त्यांनी खाली मान घालून खाल्ला. आज सकाळी म्हणाले, "मी कारवारला जातो, त्याचे पाय धरतो." मी म्हटलं, "तू नंतर जा. आधी मी."

तू सुट्टीत येशील तेव्हा मी घरी नसेन बहुतेक. किल्ली शकूकडे आहे. बाबांशी नीट बोल. त्यांचंही ऐकून घे, तुझ्या पुस्तकात लिहिलंय तसं.

आत्या

---

रत्नागिरी
२० मे १९८५

केरू,

तुला पहिल्यांदाच लिहिते आहे. तेव्हा लिहायची गरज नव्हती, नंतर पत्ता नव्हता.

शीड कोणाकडे होतं ते मला कळलं आहे. त्यानं स्वतः सांगितलं. आता तुला माझ्यापासून काही लपवायचं उरलेलं नाही, आणि मला तुला काही विचारायचं नाही. हे लिहायला किती सोपं जातंय, आणि तू एवढ्यासाठी किती लांब गेलास.

मी रागावले आहे. दादावर आहे, त्याहून तुझ्यावर जास्त आहे. माझ्या घरात पुरुष राहावा असं तू ठरवलंस. मला कोण राहायला हवा होता, हे एकदा तरी विचारायचं होतंस. माझ्या बाजूचा निकाल तूही मला न विचारताच दिलास. हे भेटल्यावर मोठ्यानं बोलणार आहे, तयारीत राहा. तुझ्या शेजारच्या सुतारांनाही ऐकू जाईल.

माझे केस पिकलेत. चष्मा तुझ्याएवढाच जाड असेल. राही म्हणते, मी पुस्तकं वाचते का असं तू विचारलंस. वाचते. मोठ्यानं वाचायची सवय गेली, कोणी ऐकायला नव्हतं.

रत्नागिरीहून पणजीची गाडी सकाळी सुटते. तिथून पुढे कारवारची मिळते असं डेपोतल्या माणसानं सांगितलं. तिकीट काढलं आहे, शुक्रवारचं. इतक्या लांब मी एकटी कधी गेलेली नाही.

ये म्हणून लिहिणार होते. पण मग तू विचार करत बसशील, आणि तुझा विचार किती वर्षं चालतो ते मी पाहिलंय. उत्तर पाठवू नकोस. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा मी गाडीत असेन.

मालन